पीएसक्यूएलमधून येणे बाकी काढताना बेरीज दुप्पट का येते?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा हिशोब पाहणाऱ्यांनी विचारले आहे: बिलिंगचे सॉफ्टवेअर पोस्टग्रेस या डेटाबेसवर (डेटा साठवणाऱ्या प्रणालीवर) चालते. कोणत्या पार्टीकडे किती दिवसांची किती उधारी, हा रिपोर्ट त्यातून हवा तसा निघत नाही, म्हणून पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसला टाइप करून कमांड देण्याची खिडकी, उघडून स्वतःच क्वेरी (डेटाला विचारायचा प्रश्न) लिहायला घेतली. आधी एंटर दाबूनही काही घडेना. मग उत्तर आले, पण एका पार्टीची बाकी खातेवहीपेक्षा बरोबर दुप्पट. काही नावांच्या जागी प्रश्नचिन्हे. आणि चुकून डेटा उडाला तर, ही धास्ती वेगळीच.

चारही अडचणी खऱ्या आहेत आणि चारींना उपाय आहेत. पण मुळातला प्रश्न मला वेगळा दिसतो: पडद्यावर आलेल्या आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा? क्वेरी चुकीची असली तरी पीएसक्यूएल तितक्याच नेटक्या चौकटीत उत्तर देते. व्याकरण चुकले तर ते ओरडते, हिशोब चुकला तर गप्प बसते. म्हणून क्वेरी लिहिण्याइतकाच वेळ ताळा करण्याला द्यावा लागतो. तुम्ही हिशोबाच्या कामातले असल्याने ही सवय तुम्हाला आधीपासून आहे, ती फक्त इथे आणायची आहे.

तुमच्या सॉफ्टवेअरच्या टेबलांची नावे आणि रचना माझ्यासमोर नाही. म्हणून पुढे तीन टेबले धरतो: ‘पार्टी’, ‘बिल’ आणि पैसे जमा झाल्याची ‘पावती’. सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना कमांड आणि आकडे इंग्रजीत टाका.

सुरुवात धास्तीपासून करू, कारण ती मिटली की हात मोकळा होतो. विंडोजवर ‘एसक्यूएल शेल’ उघडले की ते सर्व्हर, डेटाबेस, पोर्ट आणि युजरनेम एकामागून एक विचारते. प्रत्येक ठिकाणी नुसते एंटर दाबले, तर तुम्ही ‘पोस्टग्रेस’ नावाच्या मालक-युजरने ‘पोस्टग्रेस’ नावाच्याच, बहुधा रिकाम्या डेटाबेसमध्ये शिरता. तिथे टेबलांची यादी मागितली की ‘एकही सापडले नाही’ असे उत्तर येते आणि डेटा गेला की काय असे वाटते. डेटा जागेवरच असतो, दार चुकलेले असते. आपण कुठे आणि कोणत्या नावाने आत आहोत, हे \कॉनइन्फो सांगते. दुसरी खूण प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे टाइप करण्याच्या जागेआधी दिसणाऱ्या चिन्हांत असते. शेवटी =# दिसले तर तुम्ही मालकाच्या अधिकाराने आत आहात, => दिसले तर साध्या युजरने. उधारीचा रिपोर्ट काढायला =# कधीही लागत नाही.

सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून फक्त वाचण्यापुरता वेगळा युजर करून घ्या. पोस्टग्रेसच्या १४व्या आवृत्तीपासून ‘पीजी_रीड_ऑल_डेटा’ हा तयार अधिकार आहे, तो दिला की सगळी टेबले वाचता येतात. त्याआधीची आवृत्ती असेल तर त्या डेटाबेसला जोडण्याचा, स्कीमा (टेबलांचा गट) वापरण्याचा आणि त्यातल्या सगळ्या टेबलांवर ‘सिलेक्ट’चा (वाचण्याचा) असे अधिकार वेगवेगळे द्यावे लागतात. यात एक खोच आहे. ‘सगळ्या टेबलांवर’ म्हणजे त्या क्षणी असलेल्या टेबलांवर. पुढे सॉफ्टवेअरचे अपडेट आले आणि नवे टेबल तयार झाले, तर ते तुम्हाला वाचता येणार नाही आणि अधिकार नाकारल्याचा संदेश येईल.

त्याच युजरला दोन गोष्टी कायमच्या लावून घ्या. ‘डिफॉल्ट_ट्रान्झॅक्शन_रीड_ओन्ली’ (फक्त वाचायचे, बदलायचे नाही) चालू, आणि ‘स्टेटमेंट_टाइमआउट’ ३० सेकंद. पहिली गोष्ट म्हणजे कडी आहे, कुलूप नाही. युजर ती स्वतः काढू शकतो, खरे कुलूप अधिकारांचेच. दुसरीमुळे चुकून राक्षसी क्वेरी सुटली तरी ती अर्ध्या मिनिटात आपोआप थांबते. पोस्टग्रेसमध्ये वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही, त्यामुळे तुमच्या क्वेरीमुळे काउंटरवरचे बिल अडकून बसणार नाही. मात्र डिस्क आणि प्रोसेसर दोघांचा एकच असतो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, दुकानात सकाळपासून बिले फाटत असताना तीन वर्षांची बेरीज मागू नका. ती दुपारच्या निवांत वेळी मागा, किंवा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून तिथे मागा. आणि काहीही झाले तरी या खिडकीतून डेटा दुरुस्त करायचा नाही. बिलाची रक्कम एका टेबलात बदलली आणि खातेवहीच्या टेबलात तशीच राहिली, तर तो गोंधळ निस्तरणे सॉफ्टवेअरवाल्यालाही जड जाते.

आता एंटर दाबून काही न घडण्याबद्दल. पीएसक्यूएलला एंटर म्हणजे फक्त नवी ओळ. क्वेरी संपली हे त्याला अर्धविरामावरून कळते. => च्या जागी -> आले की समजायचे, ते पुढच्या मजकुराची वाट पाहत आहे. ; टाकून एंटर दाबा. '> दिसले तर एक अवतरणचिन्ह उघडे राहिले आहे, आणि (> दिसले तर कंस. गुंता वाढला तर \आर टाकल्याने अर्धवट क्वेरी पुसली जाते. पण उघड्या अवतरणात तीही चालत नाही, ती त्या मजकुराचाच भाग होते. आधी ' टाकून ते बंद करा, मग \आर. ज्या कमांड बॅकस्लॅशने सुरू होतात त्यांना अर्धविराम लागत नाही, त्या पीएसक्यूएलच्या स्वतःच्या आहेत. उत्तर लांबलचक असेल तर पडदा एका पानावर थांबतो. तिथे स्पेसने पुढे जायचे, ‘क्यू’ने बाहेर यायचे. हे थांबणे नकोच असेल तर \पीसेट पेजर ऑफ.

क्वेरीला हात घालण्यापूर्वी टेबलांची ओळख करून घ्या. \डीटी ने यादी मिळते, \डी बिल ने त्या टेबलाचे कॉलम, त्यांचे प्रकार आणि खाली इंडेक्स व इतर टेबलांशी असलेली नाती दिसतात. ती नाती वाचल्याशिवाय जॉइन (दोन टेबले जोडणारा भाग) लिहू नका. पावती बिलाशी कशाने जोडलेली आहे? छापील बिल क्रमांकाने, की सॉफ्टवेअरने आत दिलेल्या आयडीने? जीएसटीच्या नियमांप्रमाणे बिलाचा क्रमांक एका आर्थिक वर्षापुरताच एकमेव असावा लागतो. १ एप्रिलला पुन्हा १ पासून सुरुवात करता येते. तुमच्याकडे क्रमांकात वर्ष जोडलेले नसेल, तर ‘बिल क्रमांक ११२’ दर वर्षी एक असेल आणि या वर्षीची पावती मागच्या वर्षीच्या बिलालाही चिकटेल. जॉइन नेहमी आतल्या आयडीवर करा.

आणखी एक कमांड मी आत शिरताच देतो: \पीसेट नल 'रिकामे'. एरवी ज्या खान्यात काहीच नोंद नाही तो आणि ज्यात कोरा मजकूर आहे तो, दोन्ही पडद्यावर सारखेच मोकळे दिसतात. उधारीच्या कामात हा फरक पैशांचा असतो. पार्टीने बिलाचे नाव न सांगता खात्यावर पैसे टाकले असतील, तर त्या पावतीच्या बिल-आयडीच्या खान्यात ‘रिकामे’ दिसेल. त्या पावत्यांची गोष्ट पुढे येते.

दुप्पट बेरजेचे कारण एका लहान उदाहरणात पाहू. एका पार्टीची दोन बिले आहेत, पहिले ४०,००० रुपयांचे, दुसरे २५,००० रुपयांचे. पहिल्या बिलावर १५,००० आणि १०,००० अशा दोन पावत्या आल्या, दुसऱ्यावर काहीच नाही. बिले ६५,०००, जमा २५,०००, बाकी ४०,०००. आता बिल आणि पावती थेट जोडली की पहिले बिल दोन ओळींत येते, कारण त्याला दोन पावत्या आहेत. ४०,००० दोनदा मोजले गेले. साध्या जॉइनने दुसरे बिल गळूनच पडते, कारण त्याला पावतीच नाही. मग बिले ८०,०००, जमा २५,०००, बाकी ५५,००० दिसते. लेफ्ट जॉइन केला तर दुसरे बिल राहते, पण पहिले अजूनही दोनदाच. बिले १,०५,०००, जमा २५,०००, बाकी ८०,०००. बरोबर दुप्पट. तुमच्या पार्टीचे बहुधा हेच झाले आहे. मात्र चूक नेहमी दुप्पटच दिसेल असे नाही. ती पावत्यांच्या संख्येप्रमाणे बदलते, आणि एका बिलाला एकच पावती असलेल्या पार्टीची बेरीज योगायोगाने बरोबरही येते. म्हणून दोन-चार पार्ट्या पडताळून समाधान मानू नका.

यावर ‘डिस्टिंक्ट लावा’ (सारखी मूल्ये एकदाच धरा) असा सल्ला सर्रास मिळतो. तो लावू नका. ‘सम’च्या, म्हणजे बेरजेच्या, आत डिस्टिंक्ट टाकले की सारख्या रकमेची दोन खरी बिले एक धरली जातात. टॉवेलच्या धंद्यात तोच माल, तेच डझन, तोच भाव अशी बिले महिन्यात दोनदा निघतातच. एक चूक झाकायला दुसरी केल्यासारखे होईल, आणि ही दुसरी सापडायला जास्त कठीण.

योग्य मार्ग असा: आधी पावत्यांची बिलवार बेरीज करा, म्हणजे प्रत्येक बिलाला जास्तीत जास्त एकच ओळ उरते. मग ती बिलाला जोडा.

विथ वसुली ॲज (
  सिलेक्ट बिल_आयडी, सम(रक्कम) ॲज जमा
  फ्रॉम पावती
  व्हेअर बिल_आयडी इज नॉट नल
  ग्रुप बाय बिल_आयडी
)
सिलेक्ट ब.पार्टी_आयडी,
  सम(ब.एकूण) ॲज बिले,
  सम(कोअलेस(व.जमा, ०)) ॲज जमा,
  सम(ब.एकूण - कोअलेस(व.जमा, ०)) ॲज बाकी
फ्रॉम बिल ब
लेफ्ट जॉइन वसुली व ऑन व.बिल_आयडी = ब.आयडी
ग्रुप बाय ब.पार्टी_आयडी
ऑर्डर बाय बाकी डेस्क;

कोअलेस, म्हणजे रिकाम्या जागी शून्य धरणे, इथे शोभेला नाही. ज्या बिलाला पावती नाही तिथे ‘जमा’ रिकामे असते, आणि पोस्टग्रेसमध्ये २५,००० वजा रिकामे म्हणजे रिकामेच. ‘सम’ अशा ओळी मुकाट्याने सोडून देते. म्हणजे ज्यांनी एक पैसाही दिलेला नाही, नेमकी तीच बिले बाकीतून गायब होतात. वसुलीसाठी याहून वाईट चूक नाही.

जाता जाता, पोस्टग्रेसमध्ये कॉलमला ‘बाकी’ असे खरोखर देवनागरीत नाव देता येते, अवतरणचिन्हेही लागत नाहीत. नावाची मर्यादा ६३ बाइटची आहे. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेते आणि काना-मात्राही वेगळे मोजले जातात, म्हणून २१ चिन्हांच्या आत बसवा.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. वरची क्वेरी गणित म्हणून बरोबर आहे, पण ती तुमच्या खातेवहीशी जुळेलच असे नाही. खात्यावर नुसते जमा केलेले पैसे तिच्यात आलेले नाहीत. बिल_आयडी रिकामे असलेल्या पावत्यांची पार्टीवार बेरीज वेगळी काढून बाकीतून वजा करावी लागेल. रद्द केलेली बिले काही सॉफ्टवेअर पुसत नाहीत, फक्त खूण करून ठेवतात. तो खुणेचा कॉलम शोधा आणि त्यात कोणकोणती मूल्ये आहेत ते ग्रुप बाय करून (सारख्या मूल्यांचे गट पाडून) मोजा. माल परत आल्याची क्रेडिट नोट कधी वेगळ्या टेबलात असते, कधी ‘बिल’ टेबलातच उणे रकमेने, तर कधी त्याच टेबलात अधिक रकमेने आणि फक्त प्रकाराच्या कॉलममध्ये वेगळी खूण करून. शेवटची रचना फसवी. दर वर्षी नवा डेटाबेस सुरू करणारी सॉफ्टवेअरही आहेत. तिथे जुनी उधारी बिलवार न येता आरंभीची शिल्लक म्हणून एकाच आकड्यात येते, आणि तिचे वय डेटाबेसमधून काढताच येत नाही. यातले तुमच्याकडे काय आहे ते \डी आणि मोजणी यांवरूनच कळेल.

दिवस मोजायला ‘करंट_डेट’मधून बिलाची तारीख वजा करा. कॉलम नुसत्या तारखेचा असेल तर उत्तर सरळ दिवसांचा आकडा येतो. तारीख-वेळेचा असेल तर उत्तर कालावधीच्या रूपात येते आणि त्याची ९० शी तुलना करायला गेले की चूक दाखवते. तेव्हा कॉलमपुढे ::डेट लावा. गट पाडायला ‘सम’च्या मागे फिल्टर (व्हेअर दिवस > ९०) लिहिले की एकाच ओळीत ० ते ४५, ४६ ते ९० आणि त्यापुढचे असे तीन कॉलम मिळतात. ४५ चा टप्पा मुद्दाम धरला आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देण्याचे बंधन कायद्यात आहे, आणि वसुलीचा फोन करताना हा आकडा हाताशी असलेला बरा.

आर्थिक वर्षाची बिले काढताना ‘बिट्वीन १ एप्रिल ॲन्ड ३१ मार्च’ लिहू नका. तारीख-वेळेच्या कॉलमवर ‘३१ मार्च’ म्हणजे त्या दिवसाची मध्यरात्र, दिवस उजाडण्याआधीची. ३१ मार्चला दिवसभरात फाडलेली सगळी बिले बाहेर राहतात, आणि त्या दिवशी ती किती असतात हे तुम्हाला सांगायला नको. १ एप्रिल किंवा त्यानंतरची आणि पुढच्या १ एप्रिलच्या आधीची, अशी >= आणि < ची जोडी वापरा. ती दोन्ही प्रकारच्या कॉलमवर बरोबर चालते.

नावांची प्रश्नचिन्हे दोन कारणांनी येतात आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक, डेटा ठीक आहे पण विंडोजच्या पडद्याला देवनागरी दाखवता येत नाही. दोन, साठवतानाच अक्षरे हरवली. ओळखण्यासाठी नाव ‘कन्व्हर्ट_टू’ने यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत आणि मग ‘एन्कोड’ने हेक्समध्ये (अक्षरांमागच्या सांकेतिक आकड्यांत) पाहा. ई०ए४, ई०ए५ असे तुकडे पुन्हा पुन्हा दिसले तर देवनागरी शाबूत आहे. ३एफ३एफ३एफ दिसले तर खरोखर प्रश्नचिन्हेच साठली आहेत, ती नावे बिलाच्या कागदावरून पुन्हा भरावी लागतील. शाबूत असतील तर पीएसक्यूएल सुरू करण्यापूर्वी कमांड प्रॉम्प्टमध्ये सीएचसीपी ६५००१ द्या आणि आत गेल्यावर \एन्कोडिंग यूटीएफ८. तरी चौकोन दिसले तर दोष फॉन्टचा आहे, जुन्या काळ्या खिडकीऐवजी विंडोज टर्मिनल वापरा. नाव इंग्रजी अक्षरांच्या विचित्र कडबोळ्यासारखे दिसत असेल, तर ते श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असण्याची शक्यता मोठी. त्याला या सेटिंगने काही होणार नाही.

आणि नाव नीट दिसले तरी नावावर ग्रुप बाय करू नका. आपल्याकडे एकाच दुकानाचे नाव व्यंकटेश, वेंकटेश, व्यंकटेश्वर असे तीन हातांनी तीन प्रकारे भरलेले असते. एकाच मालकाची खाती एकत्र पाहायची तर जीएसटी क्रमांक उपयोगी पडतो. तो १५ अक्षरांचा असतो. पहिली दोन राज्याची, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगणा ३६, आणि पुढची दहा म्हणजे पॅन. सबस्ट्रिंगने तिसऱ्यापासून दहा अक्षरे घेतली की सोलापूरच्या चाटी गल्लीतले दुकान आणि त्याची कलबुर्गीची शाखा एका ओळीत येतात. बिगर-नोंदणीवाल्यांचा हा खाना रिकामा असतो. ते सगळे एका गटात गोळा होऊ नयेत म्हणून त्यांना वेगळे काढा.

निकाल एक्सेलमध्ये न्यायचा तर \कॉपी वापरा. साधी कॉपी फाइल सर्व्हरच्या डिस्कवर लिहायला जाते आणि तुमच्या युजरला तो अधिकार नसतो, \कॉपी तुमच्याच मशीनवर लिहिते. मात्र \कॉपीची सगळी कमांड एकाच ओळीत हवी. फाइलवर डबल-क्लिक केले तर एक्सेलमध्ये मराठी नावे बिघडलेली दिसू शकतात. ‘डेटा’ मेन्यूतून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आयात करा आणि ६५००१ यूटीएफ-८ निवडा.

आता ताळा. बेरीज आणि तपशील वेगवेगळ्या क्वेरींनी काढत असाल आणि मध्येच काउंटरवर नवे बिल झाले, तर दोन्ही क्वेरी बरोबर असूनही आकडे जुळत नाहीत. म्हणून सुरुवातीला ‘बिगिन आयसोलेशन लेव्हल रिपीटेबल रीड रीड ओन्ली;’ द्या. तुमची पहिली क्वेरी चालली त्या क्षणाचे चित्र शेवटपर्यंत तेच राहते. काम झाले की ‘रोलबॅक;’. तसेच उघडे ठेवून जेवायला जाऊ नका, पोस्टग्रेसची जुन्या ओळी साफ करण्याची प्रक्रिया तेवढ्या वेळ अडून राहते. त्या चित्रात प्रथम ‘बिल’ टेबलाची एकट्याची बेरीज आणि ओळींची संख्या कागदावर लिहा, मग ‘पावती’ची. जोडल्यानंतरच्या क्वेरीत ‘बिले’ कॉलमची एकूण बेरीज पहिल्या आकड्याशी पैशापैशाने जुळली पाहिजे. ‘जमा’मध्ये खात्यावरच्या पावत्या मिळवल्या की तो दुसऱ्याशी जुळला पाहिजे.

तरीही खातेवहीशी फरक पडला तर फरकाची रक्कमच बोलते. ती एखाद्या पूर्ण बिलाइतकी असेल तर ते बिल दोनदा आले आहे, गळले आहे किंवा रद्द असून मोजले गेले आहे. एखाद्या पावतीइतकी असेल तर ती बिल-आयडीशिवायची पावती शोधा. आणि फरक एखाद्या क्रेडिट नोटच्या बरोबर दुप्पट असेल, तर ती वजा व्हायच्या जागी मिळवली गेली आहे. प्रकाराचा कॉलम पाहून तिचे चिन्ह उलटे करा आणि तीच क्वेरी पुन्हा चालवा.